मधले सहा तास

तिकीट काढताना 'एक थांबा, सहा तास दहा मिनिटं' ही ओळ अगदी निरुपद्रवी दिसते. भाडं ठळक अक्षरांत आणि सहा तास बारीक. त्यात घरी सहा तास कसे जातात ते कुणालाच कळत नाही, म्हणून तिथेही तसेच जातील असं आपण धरून चालतो.

मोठ्या विमानतळावर ते जातातही. एका टोकाच्या गेटवरून दुसऱ्या टोकाला पोचण्यातच अर्धा तास जातो. छोट्या शहराच्या विमानतळाचं स्थलदर्शन मात्र दहा मिनिटांत आटोपतं, आणि त्यातही आग विझवायच्या नळकांड्यावरची सूचना सावकाश वाचावी लागते. सामानाचा पट्टा एक. कॉफीचं काउंटर एक, त्यावर 'लगेच येतो' अशी पाटी, आणि त्या पाटीची शाई उडालेली. जगातलं पहिलं ड्यूटी फ्री दुकान १९४७ साली आयर्लंडमधल्या शॅननसारख्या आडबाजूच्या विमानतळावर निघालं. अटलांटिक ओलांडणारी विमानं तिथे इंधनासाठी थांबत, आणि अडकलेल्या माणसाचा खिसा आपोआप सैल होतो हे तिथल्या लोकांनी बरोबर हेरलं. आमच्या वाट्याला आलेल्या विमानतळावर हे ज्ञान अजून उतरलं नव्हतं.

खुर्च्यांच्या मधोमध लोखंडी हात होते, म्हणजे आडवं व्हायची सोय नाही. चार्जिंगचं सॉकेट एकच, तेही ढिलं. प्लग लावला की हळूहळू मान टाकायचा. एका मुलीने त्याच्याखाली बॅग, बॅगेवर जाडजूड पुस्तक आणि पुस्तकावर चष्म्याचं घर असा टेकू रचला होता. पाच अनोळखी माणसं श्वास रोखून त्या टेकूकडे बघत आपापल्या नंबरची वाट पाहत होती.

सोबत काका होते. उतरल्या उतरल्या ते पुढच्या विमानाच्या गेटसमोर जाऊन बसले.

"काका, अजून सहा तास आहेत."

"गेट बदललं तर?"

"गेट दोनच आहेत."

"म्हणूनच. पन्नास टक्के शक्यता आहे."

माझं म्हणणं साधं होतं. अशा विमानतळाचा एकमेव गुण म्हणजे तो पटकन सोडता येतो. शहर जवळ असतं, सुरक्षा तपासणीची रांग तोकडी असते. मोठ्या शहरात बाहेर पडून गाव दिसेपर्यंत परतायची वेळ होते. इथे गावात जाऊन, जेवून, फिरून येता येईल. काकांनी बोर्डिंग पासच्या पाठीवर हिशेब मांडला. सहा तासांतून जाण्याचा एक, येण्याचा एक, टॅक्सी न मिळण्याचा एक, पंक्चरचा अर्धा, तपासणीचा एक, आणि दोन तास आधी हजर राहायचे. बाकी उणे अर्धा आली. "म्हणजे खरं तर आपल्याला आत्ताच उशीर झालाय," ते गंभीरपणे म्हणाले.

काकांची भीती अगदीच पोकळ नसते, हेही खरं. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील आणि पहिल्याला उशीर झाला, तर पुढची सोय लावणं कंपनीकडे येतं. पैसे वाचवायला दोन वेगळी तिकिटं काढली असतील, तर दुसऱ्या कंपनीला आपल्या दुःखाशी कर्तव्य नसतं. पुढचं विमान दिवसातलं शेवटचं असेल तर मीसुद्धा गेटसमोरच बसतो. परदेशात असाल तर बाहेर पाऊल टाकायला व्हिसा लागतो का, ते आधीच बघावं. आणि बॅगेला लावलेल्या चिठ्ठीवरची तीन अक्षरं चेक-इनलाच वाचावीत. ती शेवटच्या मुक्कामाची असतील तर सहसा बॅग तुमच्याशिवाय पुढे जाते. नसतील तर तिला ओढत गाव बघावं लागतं, कारण सामान ठेवायची खोली छोट्या विमानतळावर असेलच असं नाही.

"आणि इथे अडकलो तर?" काकांचा शेवटचा बाण.

मी त्यांना गँडर सांगितलं. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेचं आकाश बंद झालं, तेव्हा कॅनडातल्या या छोट्या गावात ३८ विमानं उतरली. गावाची वस्ती दहा हजारांच्या आसपास आणि पाहुणे साडेसहा हजारांवर. लोकांनी शाळा, चर्च, स्वतःची घरं उघडून सगळ्यांना काही दिवस सांभाळलं.

काका भारावले. मग म्हणाले, "पण बॅगा मिळाल्या का त्यांना?"

शेवटी निघालो. टॅक्सीवाल्याला विचारलं, इथे बघण्यासारखं काय आहे? "काही नाही," तो मनापासून म्हणाला. छोट्या गावातल्या माणसाइतकी आपल्या गावाची बदनामी शत्रूही करत नाही. तेवढ्यात कोपऱ्यावर चार मजली उंच, कोरीव खांबांची, कमानींवर पिंपळ उगवलेली एक भव्य इमारत आली.

"अहो, हे काय?"

"ते होय? ते जुनं आहे," म्हणून त्याने गिअर बदलला.

उतरायचं कुठे यावर एकमत होईना. संग्रहालयाला सुट्टी होती. तेव्हा काकांना केशकर्तनालय दिसलं आणि त्यांचा चेहरा उजळला. कटिंग घरी गेल्यावर करायचीच होती, म्हणजे हा वेळ वाया गेला असं कुणी म्हणू शकणार नव्हतं. न्हावी निवांत होता. कुठून आलात, कुठे निघालात, मुलं काय करतात, हे सगळं कात्रीच्या तालावर झालं. विमानाची वेळ ऐकून त्याने कात्री खाली ठेवली आणि उरलेल्या वेळाचा सदुपयोग म्हणून मिशीला हात घातला. डावी बाजू जरा जास्त उडाली. मग बरोबरी साधायला उजवी. मग पुन्हा डावी. बरोबरी साधली तेव्हा मिशी उरली नव्हती.

परतलो तेव्हा तपासणीच्या दारात काका पाण्याची अख्खी बाटली रिकामी करत होते. २००६ मध्ये लंडनहून निघणारी विमानं द्रवरूप स्फोटकांनी उडवायचा कट उघडकीला आला, तेव्हापासून हातातल्या सामानात शंभर मिलिलिटरहून मोठी द्रवाची बाटली न नेण्याचा नियम बऱ्याच ठिकाणी आला. पाणी फेकून द्यायची काकांची तयारी नाही. शेवटचा घोट गिळून त्यांनी ओळखपत्र पुढे केलं.

जवानाने फोटो पाहिला. काकांचा वरचा ओठ पाहिला. पुन्हा फोटो. मागे विमानाला दोन तास उशीर असल्याची घोषणा चालू होती.

"साहेब," काका उत्साहाने म्हणाले, "दोन तास आहेत म्हणे. आम्ही जरा ते जुनं काय आहे ते बघून येऊ का?"

"आधी," जवान फोटोवर बोट ठेवून म्हणाला, "हे कुठे आहेत ते सांगा."