पुढे पाच लाख, मागे पाच हजार

"पुढे पाच लाख टाकतोय. मागे पाच हजार होते, ते काढून तीनच ठेवतो. नाहीतर सगळंच हाताबाहेर जाईल."

हे मी एका रविवारी रात्री बाल्कनीत उभा राहून दबक्या आवाजात फोनवर बोललो. दबक्या आवाजात अशासाठी, की आत आई झोपली होती. बोलून वळलो तर दारात बायको. हातात वाळत घालायचा टॉवेल आणि चेहरा बँकेतून फोन आल्यासारखा.

"कुठे टाकतोयस पाच लाख?"

"डिफमध्ये."

"डिफ म्हणजे? एफडीसारखं काही?"

"नाही गं, तेल आहे."

"तेलात पाच लाख?" ती कुजबुजत किंचाळली. मला बोटाएवढी बाटली आणून दाखवावी लागली. पाच लाख हा तेलाचा घट्टपणा असतो, सेंटिस्टोकमध्ये मोजतात, साधं पाणी एकच्या आसपास येतं, असं मी सांगितलं. तिनं बाटली उलटी धरली. तेलाला घाई नव्हती. टॉवेल वाळत घालून ती परत आली तेव्हा ते निम्म्या वाटेवर होतं.

"बरं, आणि हिची किंमत?"

मी पुन्हा सेंटिस्टोकवर आलो.

तर माझ्याकडे रिमोटवर चालणारी एक गाडी आहे. लोक 'रिमोटची गाडी' म्हणतात, आम्ही 'आरसी टूरिंग कार' म्हणतो. फरक विचारला की आम्ही वीस मिनिटं बोलतो, त्यामुळे हल्ली कुणी विचारत नाही. मूळ गाडीच्या एक दशांश आकाराची, तामिया कंपनीची टीटी-०२, २०१३ सालापासून जगभरच्या नवशिक्यांनी उघडून-जोडून चोळामोळा केलेलं मॉडेल. रुंदी साधारण १९ सेंटिमीटर, म्हणजे पोळपाटावर मावते. लांबीला मात्र दोन्हीकडून बाहेर येते. हे मला कसं माहीत, ते आमच्या घरी विचारू नये. वय वर्षे ४७, पोट सुटलेलं, गळ्यात रिमोटचा पट्टा अशा अवस्थेत मी रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरलो की वॉचमन आदरानं विचारतो, "सर, बाळ आलं नाही का आज?" बाळ बारावीला आहे आणि त्याला माझी लाज वाटते.

दिवाळीत आणली तेव्हा गाडी गुणी होती. जानेवारीत एका शनिवारी मी टायर बदलले आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या अंगात आलं. वळणातून बाहेर पडताना जरा थ्रॉटल, म्हणजे वेग, दिला की शेपूट बाहेर, गाडी गर्रकन उलटी, तोंड माझ्याकडे. चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी, आणि वागायची अशी की पुढच्या चाकांनी संप केलाय.

आमचे या विषयातले एक जाणकार मित्र आहेत. त्यांना आम्ही गुरुजी म्हणतो. ते गाडी बघत नाहीत, फोनवर ऐकतात आणि निदान करतात. "डिफ," ते म्हणाले. "शंभर टक्के डिफ."

हे डिफ म्हणजे डिफरन्शियल. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रोडवरून ढोलपथक अलका चौकात येऊन वळतं, ते पाहिलं असेल तर तुम्हाला डिफ कळलंच आहे. आतल्या कडेचा ढोलवाला जागच्या जागी पाय आपटतो, बाहेरच्या कडेच्याला धावावं लागतं. दोघांना एकाच चालीनं चालवलं तर कुणीतरी फरफटणार. गाडीच्या चाकांचंही तेच. बाहेरच्या चाकाला जास्त पल्ला, आतल्याला कमी, आणि मोटर मात्र एकच. बैलगाडीला ही भानगड नसते, कारण तिची चाकं आसावर आपापली मोकळी फिरतात. चाकांनाच ढकलायची वेळ आली तेव्हा पंचाईत झाली, आणि १८२७च्या सुमारास पॅरिसच्या ओनेसिफोर पेक्यूर नावाच्या घड्याळजीनं वाफेच्या गाडीसाठी यावर तोड काढली. दोन अर्ध्या आसांमध्ये चार दातेरी चाकं बसवायची, म्हणजे एक बाजू जेवढी पुढे पळेल तेवढी दुसरी मागे राहील. गाडी उचलून मागचं एक चाक पुढे फिरवा, दुसरं आपोआप उलटं फिरतं. मला हे बघायला फार आवडतं. पाहुण्यांनाही दाखवतो. पाहुणे कमी झालेत.

घड्याळजीच्या युक्तीत एक खोट आहे. डिफ अन्याय बघून स्वस्थ बसत नाही, उलट त्यात भर घालतो. ज्या चाकाला पकड आहे त्याला तो विचारत नाही. जे हवेत आहे, मोकळं आहे, काहीच काम करत नाही, त्याच्याच दिशेनं सगळी ताकद पळते. आमच्या ऑफिसात बढत्या होतात त्या साधारण याच तत्त्वावर. म्हणून शौकीन लोक डिफमध्ये घट्ट तेल घालतात, की रिकामटेकड्या चाकाला उधळताना जरा अडथळा व्हावा. पुढचा डिफ घट्ट केला की थ्रॉटलवर गाडी नाकासमोर खेचत बाहेर पडते, पण वळणात शिरायला कुरकुरते. मागचा सैल केला की शेपूट शांत राहतं. मागचा फार घट्ट केलात तर तुमचं नशीब आणि सोसायटीतल्या गाड्यांचे बंपर.

"मागे पाच हजार घाल," गुरुजी म्हणाले. "पुढचं नंतर बघू."

डिफ बाहेर काढणं म्हणजे गॅसच्या शेगडीखाली पडलेली लसणाची पाकळी काढण्यासाठी ओटा तोडण्यासारखं आहे. आधी बॉडी, मग बंपर, मग शॉक, मग चाकं धरणारे आर्म, मग गिअरबॉक्सचं झाकण. स्क्रू एकसारखे दिसतात आणि नसतात. मी ते क्रमानं पोह्यांच्या बशीत मांडले. बशी हलली. असो. आत हाताच्या अंगठ्याएवढा प्लास्टिकचा डबा, त्यात नखाएवढी दातेरी चाकं. सगळं पुसून मी पाच हजाराचं तेल भरलं, डबा बंद केला, जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि समाधानानं झोपलो.

आता, या गाडीच्या मूळ डिफला आत रबरी सील नसतं. माहितीपुस्तिकेत ग्रीस लावा असं चित्र काढून दाखवलंय. तेल हा माझा आगाऊपणा. सकाळी उठलो तर टेबलावरच्या प्लास्टिकच्या कापडावर एक शांत तळं पसरलेलं, आणि त्यात आईचं बोट.

आई तर्जनी आणि अंगठा जुळवून दूर करत होती. मध्ये तेलाची तार धरते का, हे बघत होती. ७९ वर्षांचा हात, त्यातली साठ वर्षं तरी पाकात गेलेली.

"एकतारी आहे," ती म्हणाली. "याची चिक्की होणार नाही."

"आई, हात धू. सिलिकॉन आहे ते."

तिनं हात धुतले. साबणानं धुतले, भांड्याच्या पावडरीनं धुतले, बेसन लावून धुतले. सिलिकॉन तेलाला यातलं काहीच समजत नाही. त्या दिवशी दुपारपर्यंत तिच्या हातातून तीन वेळा चष्मा आणि एकदा वरणाचा डाव निसटला. डाव वरणासकट. मी मात्र त्या सकाळी एक गोष्ट शिकलो. बाटलीवरच्या आकड्यांनी जे मला तीन महिने कळत नव्हतं ते दोन बोटांनी लगेच कळलं. तेव्हापासून माझ्या वहीत तीन हजार, पाच हजार हे एकतारी-दोनतारी आहेत आणि पाच लाख हा गोळीबंद.

सीलवाले डिफ मागवले. तेही दोन. इथे गोष्टीचं अर्थकारण सुरू होतं म्हणून मी ती लवकर पुढे नेतो. ते आले, बसवले, बाल्कनीतलं ते संभाषण झालं, पुढे गोळीबंद आणि मागे एकतारी तेल गेलं. प्लास्टिकचे बुश काढून बेअरिंगही घातली, पाच मिलिमीटर भोकाची आणि अकरा मिलिमीटर बाहेरून. गिअरचं गणित वहीत दोनदा तपासलं. मोटरवर २२ दाते, मोठ्या गिअरला ७०, गिअरबॉक्सच्या आतलं गुणोत्तर २.६, म्हणजे मोटरचे ८.२७ फेरे झाले की चाकाचा एक. उत्तर दोन्ही वेळा बरोबर आलं. या सगळ्या प्रकरणात माझ्याकडून बरोबर झालेली ही एकमेव गोष्ट.

पुढच्या रविवारी गाडी जमिनीवर ठेवली, थ्रॉटल दिला. शेपूट शांत! मी आनंदानं ओरडणार तोच गाडी उजवीकडे वळू लागली. मी स्टिअरिंग सोडलं होतं. थ्रॉटल बंद केला की सरळ, थ्रॉटल दिला की उजवीकडे, जणू सोसायटीच्या उजव्या कोपऱ्यात तिचं माहेर आहे. वॉचमननं पाय वर घेतले.

गुरुजींना फोन. "कॅम्बर," ते म्हणाले. कॅम्बर म्हणजे चाकांचा आत-बाहेरचा कल. बघितला, बरोबर होता. "टो-इन." म्हणजे चाकांची तोंडं किती आत वळलीत ते. तेही ठीक होतं. "मग शॅसी पिळली असेल. नाहीतर ट्रिम मार." रिमोटवर ट्रिमचं एक बटण असतं, त्यानं स्टिअरिंगचा मध्य थोडा इकडे-तिकडे सरकवता येतो. मी डावीकडे सरकवला. अजून सरकवला. जेवढा सरकतो तेवढा सरकवला. थ्रॉटलवर गाडी आता जेमतेम सरळ जायला लागली. थ्रॉटल सोडला की डावीकडच्या कुंड्यांत. मी तीन आठवडे या अवस्थेला 'सेटअप' म्हणत होतो.

घरी गाडी उचलून धरली की दोन्ही पुढची चाकं मस्त फिरायची. म्हणून संशय यायला जागा नव्हती.

मग स्कूटर सर्व्हिसिंगला टाकायची होती. गाडी पिशवीत होती, का होती ते सांगत नाही. मिस्त्री ब्रेकचं काम करताना म्हणाला, "साहेब, पिशवीत काय, बघू." बघितली. मी डिफ, तेल, पाच लाख, पेक्यूर, सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं असावं. हाताला ग्रीस होतं म्हणून फडक्यानं गाडी धरली, मागची दोन चाकं एका हातात घट्ट पकडली आणि दुसऱ्या हातानं पुढचं एकेक चाक जोर लावून फिरवायचा प्रयत्न केला. डावं हटेना. उजवं थोडं अडखळलं आणि मग फिरलं. नुसतंच. भोवऱ्यासारखं.

त्यानं चाकाचा नट काढला, चाक काढलं, मागचा सहाकोनी हब बोटानं ओढला.

"याच्या आतला काटा कुठाय?"

आसाला आडवं भोक असतं. त्यात दोन मिलिमीटर जाड आणि दहा मिलिमीटर लांब अशी लोखंडी पिन बसते. हब त्या पिनेला धरतो, चाक हबला. पिन नसेल तर आस फिरतो आणि चाक फक्त सोबत करतं. नट आवळलेला असला की हवेत त्या दाबानं फिरतंही, जमिनीवर जोर आला की सटकतं. जानेवारीतल्या त्या शनिवारी टायर बदलताना पिन पडली होती. म्हणजे पुढच्या डिफला आयुष्यात हवा होता तसा, पूर्णपणे बिनकामाचा एक आस मिळाला होता, आणि त्यानं सगळी ताकद इमानेइतबारे तिकडे ओतली. म्हणून शेपूट बाहेर. मग मी पाच लाखांचं तेल घालून थोडी ताकद जबरदस्तीनं डाव्या चाकाकडे वळवली, म्हणून गाडी उजवीकडे. आणि त्या रोगावर मी डावीकडे ट्रिम मारली होती.

"चाक आधी बघायचं साहेब," मिस्त्री म्हणाला, "पोट मागनं फाडायचं." स्कूटरचे पैसे घेतले, गाडीचे घेतले नाहीत. त्याचंच जास्त लागलं.

घरी आलो. बायकोला विचारलं, एवढीशी लोखंडी पिन कुठे दिसली का? ती उठली, फडताळातली वाटी आणली. सुटी बटणं, तुटलेली फिरकी, जुन्या कुकरची शिटी, कधीतरी लागेल म्हणून ठेवलेले दोन हुक, आणि त्यात माझी पिन.

"केर काढताना सापडली होती. जानेवारीत."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. तू म्हणालास, 'थांब, मी डिफ उघडलाय.'"

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. पिन बसवली, खाली धावलो. गाडी जमिनीवर ठेवली. चारही चाकांची ताकद दोन महिन्यांनी पहिल्यांदा एकत्र आली होती. मी पूर्ण थ्रॉटल दिला आणि ती बाणासारखी सुटली, डावीकडे. ट्रिम काढायची राहिली होती. पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर आवाज फार मोठा झाला नाही, पण पुढचा आर्म दोन तुकडे. वॉचमन म्हणाला, "सर, आज पळाली मात्र."

आर्म बदलून, ट्रिम मधोमध आणून पुन्हा चालवली तर नवीनच तक्रार. वळणात शिरेना. धुळकट फरशी, पुढचा डिफ जवळजवळ जाम, त्यामुळे स्टिअरिंग कितीही फिरवा, नाक सरळच. तो सगळा इलाज मुळात नसलेल्या रोगावरचा होता.

रात्री बाल्कनीतून गुरुजींना फोन लावला. "हो, पुढचे पाच लाख काढतोय. सगळेच. तीन हजार ठेवतो फक्त."

मागून टॉवेल झटकल्याचा आवाज आला.

"परत मिळतायत का पण सगळे?"

"नाही," मी म्हणालो. "थोडे गिअरला चिकटून राहतात."