सात लाख भरले, अन् गोळ्या गावातून?

आज संध्याकाळी मेडिकलवर एक काका आले. हातात मोबाइल, मोबाइलवर यादी. "भाऊ, पोरगं इंग्लंडात लेस्टरले आहे. त्याचा दोस्त रविवारी जाऊन राहिला, एवढ्या गोळ्या देऊन द्या." अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० चे पाच पत्ते, अ‍ॅसिक्लोफिनॅक-पॅरासिटामॉलचे दहा, पॅन्टोप्राझोल, थायरॉइडच्या ५० च्या गोळ्या आणि सगळ्यात खाली फॉलिक अ‍ॅसिड. विचारलं, काका, हे कोणासाठी? काका हसले. सुनेला तिसरा महिना चालू आहे.

अन् तिकडे डॉक्टरकडे नाव लावलं का? "नाही नं. घरमालक कागद देऊन नाही राहिला म्हणते."

डोकंच फिरलं बाप्पा. तिकडच्या फार्मसीच्या काउंटरमागे काही वर्षं काढली आहेत, त्यामुळे ऐकीव सांगत नाही. ज्यांची पोरं इंग्लंडात आहेत त्यांनी वाचा, आणि पोरांना पाठवा.

लांबच्या मुदतीच्या व्हिसाच्या अर्जासोबत बहुतेकांना इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिकडची सरकारी आरोग्यसेवा (एनएचएस) वापरायचे पैसे, भरावे लागतात. मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, विद्यार्थ्यांना आणि अठराच्या आतल्यांना ७७६. नवरा-बायको आणि तीन वर्षांचा व्हिसा धरला तर ६,२१० पौंड, म्हणजे सात लाखांच्या आसपास. सोयाबीनच्या २०२५-२६ च्या ५,३२८ च्या हमीभावाने सव्वाशे क्विंटलच्या वर माल झाला हा, आणि हमीभाव किती जणांच्या हातात पडतो ते आपल्याला ठाऊक आहे. कधी कंपनी भरते, बरं, मान्य. पण कोणीही भरो, पैसे भरले म्हणून तुमचं नाव आपोआप कोणत्याही डॉक्टरच्या यादीत जात नाही. ते स्वतः जाऊन लावावं लागतं, आणि आजारी पडायच्या आधी लावावं लागतं. एजंट हे सांगत नाहीत. त्यांचं काम व्हिसा लागला की संपतं.

आता त्या कागदाचं. इंग्लंडात जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव लावायला भाडेकरार, लाइट बिल, पासपोर्ट, व्हिसा यातलं काहीही सक्तीचं नाही. रिसेप्शनवाले तरी मागतात, सवयीने. असेल तर दाखवा. नसेल तर शांतपणे सांगा की एनएचएसच्या नियमाप्रमाणे कागद नाही म्हणून नोंदणी नाकारता येत नाही. यादी भरली असेल किंवा तुमचा पत्ता त्यांच्या हद्दीबाहेर असेल तर ते नाही म्हणू शकतात, पण मग कारण १४ दिवसांत लेखी द्यावं लागतं. 'लेखी द्या' हा मंत्र आपल्या तहसीलमध्ये चालतो तसाच तिकडेही चालतो. चार महिने ते पोरगं घरमालकाच्या मागे फिरतंय आणि बायको गावच्या गोळ्यांवर दिवस काढते आहे. कशासाठी? ज्या कागदाची गरजच नाही त्यासाठी!

करायचं एवढंच. एनएचएसच्या वेबसाइटवर 'फाइंड अ जीपी' मध्ये पोस्टकोड टाका. जवळच्या प्रॅक्टिस दिसतात, कोण नवीन पेशंट घेतं तेही दिसतं. बहुतेक ठिकाणी ऑनलाइन फॉर्म आहे, नाहीतर काउंटरवर कागदी मिळतो. पैसे लागत नाहीत. सिगारेट-दारूचे प्रश्न येतात, ते सगळ्यांनाच असतात, रागावू नका. घराजवळची फार्मसी तेव्हाच निवडून टाका, म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी थेट तिथे जाते.

गडबड होते ती नावात. पासपोर्टवर जसं आहे तसंच लिहा, अक्षरन् अक्षर. आपल्याकडे पासपोर्टवर माहेरचं आणि आधारवर सासरचं नाव असणाऱ्या बाया कमी नाहीत. जीपीकडे एक आणि हॉस्पिटलात दुसरं लिहिलं की एकाच बाईच्या दोन नोंदी होतात, दोन वेगळे एनएचएस नंबर पडू शकतात आणि रक्ताचा रिपोर्ट भलत्याच खात्यात जातो. दुसरी गडबड खोली बदलण्याची. पत्ता कळवला नाही की हॉस्पिटलच्या तारखेचं पत्र जुन्या घरी जातं, तारीख हुकते आणि पुन्हा रांगेत शेवटी.

आता सुनेबद्दल, कारण खरा राग तिथे आहे. थायरॉइड असलेल्या बाईला दिवस गेले की गोळीचा डोस बहुतेक वेळा वाढवावा लागतो, तोही सुरुवातीलाच, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून. ती अजून जुन्याच डोसवर. बाळाच्या मेंदूची वाढ सुरुवातीच्या महिन्यांत आईच्या थायरॉइडवर चालते. इकडून गोळ्या पाठवल्या तरी तिकडचं रक्त आम्ही इथे कसं तपासणार? आणि त्या दहा पत्त्यांतलं अ‍ॅसिक्लोफिनॅक कंबरदुखीसाठी तिलाच द्यायचं होतं म्हणे! पोटुशीला ते चालत नाही.

अन् हा चंद्रपूर जिल्हा आहे, सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, आपल्याला नवा नाही. काकांना विचारलं तर मुलगा एएस पॅटर्न, म्हणजे वाहक, सुनेचं माहीत नाही. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता एसएस, म्हणजे आजार असलेल्या, बाळाची. इंग्लंडात गरोदरपणात सिकलसेलची तपासणी फुकट होते, दहा आठवड्यांच्या आत झाली तर उत्तम. बऱ्याच ठिकाणी जीपीची वाट न पाहता मिडवाइफकडे (तिकडची प्रशिक्षित सुईण) थेट नाव देता येतं. तिने उद्याच द्यावं.

पैशाची भीती असेल तर तेही ऐका. इंग्लंडात चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला ९.९० पौंड पडतात. पण गरोदर बाईला लागत नाहीत, बाळंतपणानंतरही १२ महिने नाहीत. कायमची थायरॉइडची किंवा डायबेटिसची गोळी चालू असणाऱ्यांनाही माफी आहे. फक्त सर्टिफिकेट काढावं लागतं, फॉर्म जीपीकडेच मिळतो. हिला दोन्हीकडून माफी. तिला जे फुकट मिळतं ते काका माझ्याकडून विकत घेऊन रविवारच्या विमानाने पाठवत होते. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तर कोणालाच पैसे नाहीत.

लोक म्हणतील, तिकडचा डॉक्टर पॅरासिटामॉल घे म्हणून घरी पाठवतो, सकाळी आठला फोन लागत नाही, पंधरा दिवसांनी नंबर येतो. हो, येतो. इथल्यासारखी लगेच सलाइन नाही लागत, खरं आहे. पण घसा, पोरांचा कान, सायनस, गरोदर नसलेल्या बायांची लघवीची जळजळ एवढ्यासाठी जीपी लागतच नाही. ३१ जानेवारी २०२४ पासून इंग्लंडात फार्मसिस्टच तपासून, गरज असेल तर अँटिबायोटिक देतो, अपॉइंटमेंटशिवाय. अडलं तर १११ ला फोन, जिवावर बेतलं तर ९९९ ला.

काकांवर राग नाही माझा. काकूंनी रात्री बसून ती यादी पोराकडून लिहून घेतली असणार, सुनेला उलट्या होतात म्हणून जीव टांगणीला लागलेला. एवढ्या मायेला नाही म्हणताना मलाही जड गेलं. अ‍ॅझिथ्रो अँटिबायोटिक आहे, ते चिठ्ठीशिवाय दिलं नाही. थायरॉइडच्या तेवढ्या महिनाभराच्या दिल्या, तिची जुनी चिठ्ठी होती म्हणून, तिकडे नाव लागेपर्यंत. काका रागावून गेले. जाऊ द्या.

पाठवायचंच असेल तर कागद पाठवा. इथल्या डॉक्टरचं इंग्रजीतलं पत्र, त्यात औषधाचं मूळ नाव, आपल्या कंपन्यांची नावं तिकडे कोणी ओळखत नाही. थायरॉइडचा डोस मायक्रोग्रॅममध्ये लिहिलेला. शेवटचा टीएसएच, सिकलसेलचा एचपीएलसी रिपोर्ट. लहान मूल असेल तर लसीचं कार्ड, तारखा इंग्रजीत करून. नवव्या महिन्यातला गोवर-रुबेलाचा डोस ते धरत नाहीत, वर्षाच्या आतला म्हणून, तेव्हा पुन्हा टोचला तर घाबरू नका.

आणि काकू बाळंतपणाला जाणार असतील तर प्रवासी विमा काढूनच विमानात बसवा. जुना बीपी-शुगर त्यात लिहून. व्हिजिटर व्हिसावर जीपीला दाखवणं फुकट आहे, इमर्जन्सी विभागही, पण अ‍ॅडमिट झाल्या तर बिल एनएचएसच्या दराच्या १५० टक्क्यांनी येतं.

कोणाचं पोरगं अडलं असेल तर मला फक्त पोस्टकोड पाठवा, मेसेंजरवर. रात्री नऊनंतर, दुकान बंद करून बघतो.