बॉब कर्लंड : व्यावसायिक न झालेला सात फुटी खेळाडू

१९५२चे हेलसिंकी म्हटले की आपल्याला खाशाबा जाधव आठवतात आणि ते योग्यच आहे. त्यांनी कांस्यपदक मिळवल्यानंतर काही दिवसांनी त्याच ऑलिंपिकमध्ये अमेरिकेने सोव्हिएत संघाला ३६-२५ असे हरवून बास्केटबॉलचे सुवर्णपदक जिंकले. त्या विजयी संघातील बॉब कर्लंड या खेळाडूविषयी मला आज लिहायचे आहे, कारण बास्केटबॉलवर मनापासून प्रेम करणाऱ्यांच्या गप्पांतही त्याचे नाव फारसे निघत नाही.

सेंट लुईस येथे १९२४ साली जन्मलेला कर्लंड ओक्लाहोमा ए अँड एम महाविद्यालयात प्रशिक्षक हेन्री आयबा यांच्या हाताखाली तयार झाला. उंचीमुळे तो रिंगजवळ उभा राहून आत पडू पाहणारा चेंडू सहज बाहेर टोलवत असे. त्याच्यामुळे आणि डीपॉल विद्यापीठाच्या जॉर्ज मायकनमुळे, खाली येणाऱ्या चेंडूला बचावपटूने हात लावण्यास १९४४-४५च्या हंगामापासून मनाई झाली. नुसत्या उंचीवर जिंकणारा खेळाडू या नियमाने निष्प्रभ झाला असता. कर्लंडच्या संघाने मात्र त्यानंतरच, १९४५ आणि १९४६ अशी सलग दोन वर्षे, राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद मिळवले आणि दोन्ही वेळा स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. त्याच्या गुणवत्तेचा याहून स्पष्ट पुरावा मला तरी ठाऊक नाही.

पुढे मायकन व्यावसायिक झाला आणि त्याची कीर्ती जगभर पसरली. कर्लंडने मात्र बार्टल्सव्हिल येथील फिलिप्स पेट्रोलियम या तेलकंपनीत नोकरी धरली आणि कंपनीच्या ‘फिलिप्स ६६अर्स’ या हौशी संघाकडून तो सहा हंगाम खेळला. आपल्याकडे रेल्वेच्या किंवा बँकेच्या संघातून खेळणाऱ्यांची ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. अशा संघांवर कंपनीची जाहिरात होत असे, म्हणून त्यांचे हौशीपण अस्सल नव्हते, असा आक्षेप घेतला जातो आणि त्यात काही तथ्य आहे, हे मी मान्य करतो. परंतु त्या काळी व्यावसायिक बास्केटबॉल अजून स्थिरावले नव्हते आणि कंपन्यांचे संघ अतिशय बलाढ्य होते. १९४८च्या ऑलिंपिक निवड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात फिलिप्सने केंटकी विद्यापीठाच्या नामवंत संघाला ५३-४९ असे हरवले होते. त्याच वर्षी लंडनमध्ये कर्लंडला पहिले ऑलिंपिक सुवर्णपदकही मिळाले.

म्हणूनच, ‘तो व्यावसायिक झाला असता तर’ अशी हळहळ मला पटत नाही. खेळ थांबल्यावरही त्याची नोकरी चालूच राहिली आणि तो त्याच कंपनीत वरिष्ठ पदापर्यंत पोहोचला. १९६१ साली त्याचा ‘हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला, तेव्हा त्याच्या नावावर व्यावसायिक लीगमधला एकही सामना नव्हता.