कुत्र्याच्या वाट्याचा एक तास

पुण्यातल्या आमच्या सोसायटीत गेले वर्षभर एकच वाद धुमसतो आहे : कुत्र्यांना लिफ्टमधून नेऊ द्यावे की नाही. दादा सातव्या मजल्यावर राहतो, त्याच्याकडे ब्रूनो नावाचा सहा वर्षांचा लॅब्राडॉर आहे, आणि सभेतली प्रत्येक खडाजंगी तो मला जर्मनीत हॅनोव्हरला फोन करून सविस्तर सांगतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानेही कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, हे त्याचे म्हणणे बरोबरच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांविषयी आधी एक आदेश दिला आणि अकरा दिवसांनी तो बदलला. तेव्हापासून रस्त्यावरच्या कुत्र्यांचा राग घरातल्या कुत्र्यांवर निघू लागला आहे. मात्र एवढ्या सगळ्या चर्चेत ब्रूनो दिवसभर काय करतो, हे एकदाही कोणी विचारलेले नाही. मला तोच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

इथे लोअर सॅक्सनी राज्यात २०१३ पासून पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्याला आधी लेखी परीक्षा द्यावी लागते आणि वर्षभरात कुत्र्यासह प्रत्यक्ष चाचणीही द्यावी लागते. कुत्र्याच्या कातडीखाली ओळखीची चिप आणि त्याचा विमा सक्तीचा आहे, आणि पालिकेचा कर वेगळाच. शिवाय देशभर लागू असलेल्या नियमानुसार कुत्र्याला बाहेर मोकळ्या हवेत पुरेसे फिरवावेच लागते; दिवसातून दोनदा, एकूण तासभर, ही अट मसुद्यात होती, पण अंतिम नियमात ती राहिली नाही. माणसाला फिरायला लावणारा कायदा मला सुरुवातीला जाचक वाटला होता. आमची बिजली प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणताना तिथल्या बाईंनी आमचा पगार विचारला नाही. कुत्री रोज किती तास एकटी राहील आणि आजारी पडली तर रजा कोण काढेल, एवढेच विचारले.

रोजच्या त्या तासाभराच्या फिरण्याची किंमत मला हळूहळू कळली. आयलेनरीडेच्या जंगलातून परतल्यावर बिजलीच्या कानांमागे, काखेत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी शोधायच्या, हा आता रोजचा नेम झाला आहे. तिची विष्ठा पिशवीत उचलणे बंधनकारक असल्यामुळे ती रोज नजरेखालून जाते. पोट बिघडले, रक्त किंवा जंत दिसले, तर त्याच दिवशी समजते. पाय किंचित आखडला, चाल मंदावली, तरी रोज सोबत चालणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येते. ब्रूनोला फिरवायला दादाने एक मुलगा ठेवला आहे. तो त्याला दहा मिनिटे खाली नेऊन आणतो आणि काय दिसले ते कोणालाच सांगत नाही, कारण त्याला कोणी विचारतच नाही. सोसायटीतली घाण आणि कुत्र्याचे आरोग्य हे दोन वेगळे प्रश्न मानले जातात, पण ती पिशवी मालकाच्या हातात आली की दोन्ही बऱ्याच अंशी सुटतात.

ब्रूनोचे वजन ४२ किलो आहे. एरवी लॅब्राडॉर नराचे वजन सुमारे ३० ते ३६ किलो असते. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉरांवर आयुष्यभर केलेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाव हिस्सा कमी अन्न मिळालेली कुत्री सरासरी जवळजवळ दोन वर्षे जास्त जगली आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. आमच्याकडे मात्र तुपाची पोळी आणि पूजेचा शिरा हे प्रेमाचेच रूप असते. त्या शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात आणि रश्श्यातला कांदा त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करतो, हे आईला कळले तेव्हा तिला फार वाईट वाटले.

नियम आपल्याकडेही आहेत. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकू नये, असे भारताचे २०१७ चे नियम सांगतात आणि जर्मनीतही मर्यादा तीच आहे. तरीही ब्रूनो जेमतेम महिन्याचा असताना विकला गेला, आणि लसीकरण सुरू होण्याआधीच पार्वो हा आतड्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार होऊन पाच दिवस सलाईनवर राहिला. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने लस द्यायची असते, हे विकणाऱ्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. रेबीजच्या लशीबाबत तर इथल्यापेक्षा आपल्याकडे अधिक काटेकोर असायला हवे, कारण वटवाघळे वगळता जर्मनीतल्या जंगली आणि पाळीव प्राण्यांमधून हा रोग २००८ पासून हद्दपार मानला जातो, तर जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक भारतात होतात.

हॅनोव्हरचे सगळेच चांगले, असे मी म्हणणार नाही. पूर्व युरोपातून चोरून आणलेली पिल्ले इथेही विकली जातात, आणि डॉक्टरांचे दर २०२२ मध्ये इतके वाढले की म्हातारे कुत्रे सांभाळणे अनेकांना जड जाते. बिजली रोज चार तास एकटी दाराकडे पाहत बसते. ब्रूनो मात्र कधीच एकटा नसतो. आई दुपारी पडते तेव्हा तो तिच्या पलंगाखाली असतो, आणि उठताना त्याचा मागचा पाय अडखळतो हेही डॉक्टरांच्या आधी तिच्याच लक्षात आले.

असे दुखरे सांधे घेऊन त्याने सात मजले चढावेत का, हा लिफ्टच्या वादातला खरा मुद्दा आहे. दादाने पुढच्या सभेत डॉक्टरांची चिठ्ठी दाखवावी आणि सोबत आपणही लेखी द्यावे, की सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, ब्रूनोला तो स्वतः नेईल आणि पिशवी त्याच्याच हातात असेल. तशा अर्जाचा मसुदा मी त्याला काल पाठवला आहे.