आजीच्या भिंतीवरच्या रेघा

परवा आजीचं वर्षश्राद्ध झालं. गल्लीतल्या पोरांनी हौसेनं चौकात फ्लेक्स लावला होता. 'सोज्वळ, सोशिक, धर्मपरायण माउली' आणि खाली दोन कमळं. पोरांची माया खरी, पण वाचून मला हसूच आलं. सोज्वळ? काट्यावर झुकतं माप घेणाऱ्या एका आडत्याला तिनं भर बाजारात असं झापलं होतं की बिचारा चहासुद्धा न पिता उठला. आणि सोशिक म्हणाल तर चहा गार मिळाला तरी घर डोक्यावर घ्यायची.

आमचं घर लोणंदचं. इथं कांद्याचा बाजार मोठा. आजीनं आयुष्यभर वखारीत कांदा निवडला. गळ्यात तुळशीची माळ, कांदेनवमी झाली की चार महिने कांदा तोंडाला लावायची नाही, आणि दिवसभर बसायची मात्र कांद्याच्याच ढिगात. हातांचा वास कधी गेला नाही. त्याच हातांनी रोज संध्याकाळी टाळ घेऊन हरिपाठ.

माउलींची पालखी नीरेचं स्नान उरकून पूल ओलांडते आणि सातारा जिल्ह्यात शिरते, की मुक्काम आमच्याकडं. मराठवाड्यातली एक दिंडी दरवर्षी आमच्या अंगणात उतरायची, साठ-सत्तर माणसं. जेवणं झाली की आजी सुई-दोरा घेऊन बसायची. वारकऱ्यांच्या तळपायाला आलेल्या फोडात सुईनं दोरा ओवायचा, दोन्हीकडं टोक ठेवून तोडायचा आणि दोरा आतच राहू द्यायचा. पाणी झिरपून जातं, कातडं निघत नाही, माणूस सकाळी तरडगावच्या वाटेला लागतो. एकदा मी विचारलं, "आजी, एवढं कशाला?" तर म्हणाली, "रातभर कण्हत बसत्यात, मला झोप लागंना."

हे तिचं नेहमीचं. कुणासाठी काही केलं की कारण सांगायची ते स्वतःच्या सोयीचं. एप्रिल २०२० मध्ये सगळं बंद असताना ऊसतोडीची एक टोळी गावाबाहेर अडकली होती. आजीनं वारीसाठी राखलेलं ज्वारीचं पोतं सोडलं. आप्पा म्हणाले, "ती वारीची ज्वारी हाय." यावर आजी : "आषाढापातूर किडं पडत्याल तिच्यात." त्या साली पायी वारी निघालीच नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. पण हे एप्रिलमध्ये तिला थोडंच ठाऊक होतं!

तिला लिहिता येत नव्हतं. उसनं नेलेल्या धान्याचा हिशोब चुलीमागच्या भिंतीवर, कोळशानं. एक रेघ म्हणजे एक पायली. कुणाची रेघ कुठली हे फक्त तिला माहीत. दिवाळीला भिंतीला चुना लागायचा आणि राहिलेल्या रेघा त्याखाली जायच्या. "पोरांनी पुसलं, आता कुनाकडं मागू?" असं वर आम्हालाच बोलायची. चुना कालवून ब्रश आमच्या हातात द्यायची ती स्वतः!

बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. मिलो, म्हणजे रेशनवर मिळणारी परदेशी ज्वारी, खाऊन दिवस काढले, आणि शेजारच्या एका घरानं तिला दोन पायल्या बाजरी दिली होती, परत न मागता. एवढंच सांगायची. त्याच्यापुढं काही विचारलं की, "ऊठ, गुरांना पानी दाव."

आता जे लिहितोय ते भावकीतल्या काहींना रुचणार नाही. ती भाकरी वाटायची, पण थापायची कोण? माझी आई. तीस वर्षं. पालखीच्या दिवशी पहाटे तीनला चूल पेटायची ती दुपारपर्यंत. आईच्या मनगटावर भाजल्याचे डाग अजून आहेत. वारकरी पाया पडायचे आजीच्या, आई आत परातीपुढं. "आत्या पुण्य कमावत्यात आणि मी पीठ मळती," असं ती एकदा माझ्यादेखत म्हणाली होती, आणि ते चेष्टेत नव्हतं. आजीवर माझा जीव होता, पण या बाबतीत तिची बाजू मला घेता येत नाही. जिवंत माणसाचा फोटो श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर लावत नाहीत, नाहीतर आईचा शेजारी मीच लावला असता.

गेल्या वर्षी तेराव्याला मंडपाच्या कडेला एक बाई येऊन उभी राहिली. पलीकडच्या वस्तीवरची, आमच्या कुणाच्या ओळखीची नाही. डोक्यावर गाठोडं. "म्हातारीची दोन पायल्या ज्वारी ऱ्हायली व्हती," म्हणाली. आप्पा म्हणाले, राहू दे बाई, आता कशाला. बाईचा चेहरा पडला. तेवढ्यात आई आतून माप घेऊन आली. तिथंच जमिनीवर बसून तिनं ज्वारी मोजली. मापटंभर कमी भरली. आई काही बोलली नाही. ज्वारी कणगीत ओतली, बाईला जेवायला बसवलं, आणि चुलीमागं जाऊन भिंतीकडं बघत बराच वेळ उभी राहिली. तिथं सहा रेघा होत्या. त्यातल्या ह्या बाईच्या दोन कुठल्या, ते आता सांगायला कोणी नव्हतं.