मेनन यांच्या मुंबईतील पराभवाविषयी

1962 च्या चीन युद्धाच्या वेळी संरक्षणमंत्री असलेल्या आणि देशाला मान खाली घालायला लावणाऱ्या कृष्ण मेनन यांना मुंबईकरांनी 1967 साली त्यांच्याच मतदारसंघातून हाकलून लावले, पाठोपाठच्या पोटनिवडणुकीत सहानुभूतीच्या लाटेने त्यांना बुडवले आणि त्यांचे राजकारण तिथेच संपले, असा मजकूर सर्रास फिरतो.

आधी मतदारसंघाचे पाहू. मेनन 1957 आणि 1962 साली निवडून आले ते उत्तर मुंबईतून. 1962 साली तर त्यांनी विरोधी उमेदवार आचार्य कृपलानींच्या जवळजवळ दुप्पट मते घेतली होती. 1967 साली ते लढले ती जागा ईशान्य मुंबईची.

चीन युद्धाचा डाग त्यांच्यावर होता, हे मी नाकारत नाही. पण शिक्षा त्या युद्धाचीच असती, तर ज्या पक्षाचे सरकार तेव्हा होते त्याच काँग्रेसचे उमेदवार स. गो. बर्वे निवडून आले नसते. मेनन यांना उमेदवारी नाकारताना काँग्रेसमधून पुढे केलेले कारण ते मुंबईचे नाहीत, हे होते. आणि स्थापनेला वर्षही न झालेल्या शिवसेनेचा केरळच्या मेनन यांच्यासारख्या दाक्षिणात्यांविरुद्धचा प्रचार त्याच सुमारास जोरात होता. पक्ष सोडून अपक्ष उभे राहिलेल्या मेनन यांच्या नावापुढे या वेळी बैलजोडी, म्हणजे काँग्रेसचे तेव्हाचे निवडणूक चिन्ह, नव्हती. वर्षानुवर्षे त्या चिन्हावर शिक्का मारत आलेल्या शहरात त्यांना तरीही दीड लाखाहून अधिक मते पडली आणि ते हरले सुमारे 13 हजारांनी. याला हाकलणे म्हणता येत नाही.

मार्च 1967 मध्ये बर्वे यांचे अकस्मात निधन झाले. पोटनिवडणुकीत काँग्रेसने त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांना उभे केले आणि मेनन पुन्हा हरले. या निकालात सहानुभूतीचा वाटा असणारच. मात्र फेब्रुवारीत, बर्वे हयात असताना लागलेला निकालही हाच होता, ही गोष्ट फिरणारा मजकूर गाळतो. पक्षयंत्रणा, चिन्ह आणि 'बाहेरचा माणूस' हा शिक्का या तिन्ही गोष्टी दोन्ही वेळा मेनन यांच्या विरोधात होत्या, आणि मला निकालाचे खरे कारण तेच वाटते.

राजकारण संपल्याचे विधान तर सरळ चूक आहे. मेनन 1969 साली मिदनापूरच्या पोटनिवडणुकीत डाव्यांच्या पाठिंब्यावर, तर 1971 साली तिरुअनंतपुरममधून लोकसभेवर निवडून गेले. ऑक्टोबर 1974 मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ते खासदार होते.