भोकांची परीक्षा

धारदार चित्र देतो म्हणून महागडा मिररलेस कॅमेरा घ्यायचा आणि मग लेन्सऐवजी त्याच्यापुढे +१० चा क्लोज-अप फिल्टर, म्हणजे एक साधं भिंग, लावून चित्र मुद्दाम धूसर करायचं, हा उद्योग सुखी माणसाने अंगावर घेऊ नये. त्या भिंगाला लावायच्या भोकांच्या चकत्या तपासायला तर मुळीच बसू नये.

+१० म्हणजे फोकल लेंथ १०० मिमी. काच एकच, त्यामुळे कडेचे किरण मधल्या किरणांच्या अलीकडेच एकत्र येतात. मऊपणा सगळा तिथला. काच सेन्सरपासून दहा सेंटिमीटरवर हवी, म्हणून मधे एक्स्टेन्शन ट्यूब (पोकळ नळी) आणि हेलिकॉइड (फिरवून लांबी कमी-जास्त करायची नळी). मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ चालू केलं नाही तर कॅमेरा ढिम्म. त्याच्या मते लेन्स लावलेलीच नाही, आणि त्याचं फारसं चुकतही नाही.

चकती म्हणजे काळ्या कार्डाचा बुंदीचा झारा. मधलं मोठं भोक चित्राचा कणा सांभाळतं, भोवतालची बारीक भोकं आभा देतात. रोडेनस्टॉक या जर्मन कंपनीच्या इमागॉन लेन्समध्ये १९३० च्या दशकापासून हीच युक्ती. तिथे चकती फिरवून बाहेरची भोकं कमी-जास्त उघडता येतात, आपण दर वेळी नवं कार्ड कापायचं. मधे १८ मिमी, भोवती ४ मिमीची बारा. एफ-आकडा म्हणजे फोकल लेंथ भागिले भोकाचा व्यास, पण नुसत्या मधल्या भोकाकडे बघून एफ/५.६ म्हणाल तर फसाल. व्यासांचे वर्ग मिळवा: ३२४ अधिक १९२, म्हणजे ५१६, वर्गमूळ २२.७. उजेड एफ/४.४ चा, आणि त्यातला ३७ टक्के कडेचा.

खरा छळ फोकसचा. चकती बदलली की तो सरकतो. जुन्याच फोकसवर फोटो काढून ‘ही चकती भिकार’ म्हणणारे महाभाग पुष्कळ आहेत. फोकस पीकिंग, म्हणजे फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी कॅमेऱ्याची सोय, आभेला भुलतं. चित्र दहापट मोठं करून हातानेच जुळवावं.

मॉडेल म्हणून माणूस नको, तो हलतो. काळ्या कापडावर मोत्यांची नथ, शेजारी वर्तमानपत्र, मागे तीनेक मीटरवर एलईडीची माळ. खिडकीचा उजेड टाळा. ढगाला तुमच्या परीक्षेशी देणंघेणं नसतं. माळेतला फोकसबाहेरचा प्रत्येक दिवा चकतीचंच चित्र काढतो: बुजलेलं भोक लगेच चहाडी करतं. कोपऱ्यातल्या दिव्यांची भोकं एका बाजूने खाल्लेली दिसली, तर चकती काचेपासून फार लांब आहे.

भोकं चामड्याच्या पंचने पाडा, कापलेली पांढरी कड मार्करने काळी करा. नंबर पांढऱ्या पेनाने टाका, पण बाहेरच्या बाजूला. काचेकडे टाकलात तर तोच चमकून चित्रात घुसतो.